तो आत एकटाच असेल ना? पाळीव प्राण्याच्या दहनाची सोय निवडताना

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. अडखळलेलं तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय कोणी हौसेनं सर्च करत नाही. घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यावर त्याचं दहन कुठे आणि कसं करायचं. हा सर्च बहुतेक वेळा रात्री उशिरा होतो. फोनची बॅटरी संपत आलेली असते, आई आतल्या खोलीत रडत असते, आणि जो पहिला नंबर दिसेल तो लावला जातो. पलीकडचा माणूस सरळ असेल तर ठीक. नसेल तर पुढे कित्येक महिने डोक्यात किडा वळवळत राहतो, की डबीत जे मिळालं ते नक्की आपल्याच प्राण्याचं होतं का. म्हणून ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांचा कुत्रा आहे त्यांनी हे आजच ऐका, तो सोफ्याखाली घोरत असतानाच.

आमच्याकडे गुंड्या होता. देशी, २२ किलो, मी नववीत असताना आलेला, तेरा वर्षं राहिला. शेवटचे चार महिने किडनीचे गेले. डॉक्टरांनी अंदाज दिला होता, त्यामुळे मला पुण्यातल्या आणि आसपासच्या सोयींना आधीच फोन करता आले. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. "अरे, जिवंत आहे तो अजून," म्हणाले. मग मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन करायला लागलो. आईनं एकच गोष्ट विचारायला सांगितली होती: तो आत एकटाच असेल ना? दर, वेळ, पिकअप हे सगळं मी विचारलंच, पण खरी माहिती आईच्या या प्रश्नातूनच बाहेर आली. कशी ते सांगतो. त्याआधी भट्टीत काय होतं ते समजून घेऊ, कारण ते माहीत असलं की फोनवरचा माणूस काय सांगतोय आणि काय गुंडाळतोय ते लगेच कळतं.

भट्टीच्या आत

प्राण्यांच्या दहनभट्ट्या गॅसवर, डिझेलवर किंवा विजेवर चालतात. आतलं तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. चांगल्या भट्टीला दुसरा कप्पा असतो. पहिल्या कप्प्यातला धूर तिथे आणखी जास्त तापमानाला पुन्हा जाळला जातो, म्हणून चिमणीतून काळा लोट आणि वास येत नाही. शरीरातलं पाणी आधी उडून जातं, मग मऊ भाग जळतो. शेवटी उरतो तो हाडांमधला खनिज भाग, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. आपण राख म्हणतो ती खरं तर राख नव्हेच, ठिसूळ झालेली हाडंच असतात. काही ठिकाणी ती यंत्रात दळून पूड करून देतात, काही ठिकाणी तुकडे तसेच मिळतात. आपल्या भाषेत 'अस्थी' हा शब्द आहे तो अगदी नेमका आहे.

आता आकडे, कारण ते उपयोगाचे आहेत. उरलेल्या अस्थींचं वजन साधारणपणे मूळ वजनाच्या तीन-चार टक्के भरतं. म्हणजे २२ किलोच्या गुंड्याचे ७००-८०० ग्रॅम. चार किलोच्या मांजराचे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, चहाच्या कपात मावतील एवढेच. हाडाची ठेवण, वय, शेवटच्या आजारात उतरलेलं वजन यानं फरक पडतो, पण दुप्पट-तिप्पट पडत नाही. चार किलोच्या मांजराच्या नावानं कोणी किलोभर अस्थी हातात ठेवल्या तर त्यात आणखी काहीतरी आहे. वेळेचंही तसंच. मध्यम आकाराच्या कुत्र्याला तास-दोन तास लागतात, शिवाय आत हात घालता येण्याइतकं थंड व्हायला वेळ हवा. भट्टी आधीच तापलेली असेल तर थोडं लवकर होतं. पण "पंधरा मिनिटांत अस्थी देतो" हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

लाकडावर दहन करायचं असेल, तर वजनाचा हा ताळा लावता येत नाही. लाकडाची राख मिसळलेली असते आणि ती बरीच असते. त्यातून हाडांचे पांढरट तुकडे वेचून घ्यावे लागतात.

'प्रायव्हेट' म्हणजे काय?

माझ्यासारख्या आयटीवाल्यांना हे सर्व्हरच्या भाषेत पटकन कळेल. पहिला प्रकार, पूर्ण भट्टी एकट्यासाठी. आत दुसरा प्राणी नाही, काम संपल्यावर तळ झाडून घेतला जातो, मगच पुढचा. दुसरा प्रकार, एकाच वेळी दोन-तीन प्राणी, मध्ये विटांची आडभिंत किंवा वेगवेगळे ट्रे. प्रत्येकाच्या अस्थी वेगळ्या गोळा करतात, पण थोडी सरमिसळ होतेच. तिसरा प्रकार, सगळे एकत्र. अस्थी परत मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी सगळ्यांच्या मिळून मिळतात.

घोळ होतो तो शब्दामुळे. 'प्रायव्हेट' किंवा 'इंडिव्हिज्युअल' हा शब्द पहिल्या प्रकारालाही वापरतात आणि दुसऱ्यालाही. मी एका ठिकाणी विचारलं, "वेगळं दहन होतं ना?" उत्तर आलं, "हो सर, वेगळंच." मग आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: "म्हणजे भट्टीत त्या वेळी तो एकटाच असेल?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "सर, ट्रे वेगळा असतो." बघा, माणूस खोटं बोलत नव्हता. मीच शब्द ढोबळ वापरला असता तर मला ढोबळच उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र सरळ थापा होत्या. नाव घेत नाही. दर सगळ्यात कमी, घरून नेण्याची सोय, वर फोटोफ्रेम फुकट. मी म्हटलं, "आम्हाला तिथे उभं राहायचंय." तर म्हणे, "आत बाहेरच्यांना परवानगी नाही, व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओत त्याचं तोंड, पट्ट्यावरचा नंबर दिसेल का? "भट्टीचा व्हिडिओ असतो सर." म्हणजे कुठल्याही भट्टीचा, कुठल्याही दिवसाचा. मी फोन ठेवला.

एक सांगून टाकतो. सगळ्यांना एकत्र जाळणं यात काही वाईट नाही. भट्टी तापवायलाच भरपूर इंधन जातं; एका चार किलोच्या मांजरासाठी ती पूर्ण पेटवायची तर खर्च वाढणारच. अस्थी नको असतील तर एकत्र दहन हा शहाणा आणि स्वस्त पर्याय आहे, आणि तो निवडणाऱ्याचं प्रेम कमी असतं असं मला तरी दिसलं नाही. आमच्या सोसायटीत एका काकूंनी त्यांच्या दोन्ही मांजरांचं असंच केलं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा पैसे पहिल्या प्रकारचे घेतले जातात आणि काम तिसऱ्या प्रकारचं होतं. म्हणून घरात आधी एवढंच ठरवा: आपल्याला अस्थी परत हव्यात का? उत्तर 'नको' असेल तर पुढचे निम्मे प्रश्न गळून पडतात.

'हवं' असेल तर फोनवर हे विचारा. त्या वेळी आत दुसरा प्राणी असेल का. आत ठेवताना आणि अस्थी काढताना आम्हाला समोर उभं राहता येईल का. येणार नसाल तर ओळख कशी ठेवता? जिथे काम नीट चालतं तिथे प्राणी ताब्यात घेतल्याक्षणी त्याला नंबर देतात, शक्यतो धातूची चकती, जी भट्टीतही टिकते आणि अस्थींबरोबर परत मिळते. तोच नंबर पावतीवर असतो. वजन आमच्यासमोर करणार का, हेही विचारा, कारण दर बहुतेक ठिकाणी वजनाच्या टप्प्यांवर असतो. पिकअपचे, रात्रीचे, कलशाचे पैसे वेगळे लागतात का ते त्याच फोनवर विचारून आकडा व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. रडून डोळे सुजलेल्या माणसाशी कोणी घासाघीस करत नाही, आणि त्याचा फायदा घेणारे घेतात.

मला विचाराल तर या सगळ्यात समोर उभं राहू देणं ही एकच अट मी सोडणार नाही. तुम्ही प्रत्यक्ष जावं असं नाही. खूप जणांना ते बघवत नाही. पण "या की, बसा" असं जो सहज म्हणतो त्याच्याकडे लपवण्यासारखं फार नसतं.

महापालिका, खासगी, दवाखाना

मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी पाइपच्या गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, आणि ती सेवा मोफत असल्याचं तेव्हाच जाहीर केलं. पुण्यात नायडू रुग्णालयाच्या आवारातली महापालिकेची सोय जुन्या प्राणीवाल्यांना माहीत असते, पिंपरी-चिंचवडला नेहरूनगरची. महापालिकेच्या सोयीत दर परवडतो आणि कागद चोख असतो. अडचण एकच: यंत्र बंद पडलं की दुरुस्तीला किती दिवस जातील सांगता येत नाही. त्यामुळे प्राणी गाडीत घालून निघण्याआधी फोन करा आणि "आज भट्टी चालू आहे का" एवढं विचारा. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुलूप बघणं त्या दिवशी सहन होत नाही. जाताना डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि कुत्र्याचा परवाना असेल तर तो बरोबर ठेवा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

खासगी सोयीत वेळ ठरवून मिळते, गाडी घरी येते, लोक मृदू बोलतात. पैसे त्याचे असतात, आणि ते द्यायला माझी हरकत नाही. फक्त गाडी ज्याची आहे त्याचीच भट्टी आहे का ते विचारून घ्या. काही जण फक्त ने-आण करतात आणि दहन दुसऱ्याच कुणाच्या भट्टीत होतं. मग तुमचा प्रश्न ज्याला विचारायला हवा तो माणूस फोनवर नसतोच.

तिसरा रस्ता दवाखान्याचा. प्राणी तिथेच गेला तर "आम्ही बघतो" असं म्हणतात, आणि आपण हलके होऊन घरी येतो. बघतो म्हणजे काय, हे तिथल्या तिथे विचारा. महापालिकेच्या गाडीला देणार, ओळखीच्या दहनवाल्याला देणार की जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीत जाणार? यातला कुठलाही मार्ग चालत असेल, तर ठीकच. पण आठवड्यानं फोन करून अस्थी मागितल्या तर कोणी काही करू शकत नाही.

गावाकडे शेतात पुरायची सोय असेल तर तेही उत्तमच. माझ्या मामाकडे सगळी कुत्री बांधावरच्या चिंचेखाली आहेत. खड्डा चांगला कमरेइतका खोल घ्यायचा, विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, वर माती दाबून मोठे दगड. नाहीतर पहिल्याच पावसात माती बसते आणि गावातली दुसरी कुत्री उकरतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुरायचं नाही, वर्षानुवर्षं काही कुजत नाही. आणि एक फार महत्त्वाचं: प्राण्याला इंजेक्शन देऊन झोपवलं असेल तर ते औषध शरीरात राहतं. उकरून खाणारा प्राणी किंवा पक्षीही त्यानं मरू शकतो. अशा वेळी शक्य असेल तर दहनच करावं. जाळल्यावर औषध उरत नाही. गुंड्याचं तसंच झालं होतं, डॉक्टर घरी आले होते, त्यामुळे पुरण्याचा विचार आम्ही सोडून दिला.

सोसायटीच्या बागेत रात्री गुपचूप खड्डा खणू नका. तिथे दीड फुटावर पाण्याची पाइप लागते आणि पुढच्या आठवड्यात माळीकाकांना जे सापडतं ते कुणालाच बघवत नाही. बजरी, हॅमस्टर असला जीव असेल तर गोष्ट वेगळी. तीस-चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या अस्थी जेमतेम ग्रॅमभर होतील, भट्टीतून गोळाही करता यायच्या नाहीत. त्याला मोठी कुंडी बरी.

मधले काही तास

दहनाची वेळ दुसऱ्या दिवसाची मिळाली तर रात्रभर शरीर कसं ठेवायचं, हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. त्याच्या आत पाय पोटाशी घेऊन, झोपतो तसं कुशीवर वळवून ठेवा. नंतर जबरदस्ती करू नका. डोळे बहुतेक वेळा पूर्ण मिटत नाहीत. मिटवायला गेलो तरी परत उघडतात. यात आपलं काही चुकलेलं नसतं, प्राण्यांच्या पापण्या तशाच असतात. स्नायू सैल पडल्यामुळे लघवी, शी, कधी तोंडातून थोडा द्रव बाहेर येतो. खाली जुनी चादर, वर्तमानपत्रं, मिळाल्यास लहान मुलांचे डायपर उघडून पसरा. हलवताना छातीतली हवा बाहेर येऊन कण्हल्यासारखा आवाज येऊ शकतो. माझी बहीण त्यानं इतकी दचकली, की डॉक्टरांना परत फोन लावायला निघाली होती. तो श्वास नसतो.

कुजायला सुरुवात पोटापासून होते. म्हणून बर्फ डोक्यापाशी ठेवून उपयोग नाही, पोटाला आणि पाठीला लावा. बर्फाच्या पिशव्या, फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, काहीही, फडक्यात गुंडाळून. एसी असेल तर लावा, नसेल तर फरशीवर, पंख्याखाली. एप्रिल-मेच्या पुण्यात एसी नसताना मी सहा-आठ तासांपलीकडे थांबणार नाही. त्याहून जास्त लागणार असेल तर डॉक्टरांकडे शीतपेटी आहे का विचारा.

दहनाला नेताना पट्टा, घंटा, नायलॉनचं हार्नेस काढून ठेवा, तुम्हालाही पट्टा नंतर हवासा वाटतो. सुती फडकं, फुलं चालतात. रबरी चेंडू, प्लॅस्टिकची खेळणी आत ठेवू देत नाहीत, आणि बरोबर करतात.

आणि एक अपवाद. जाण्याआधी कुत्रा विचित्र वागत असेल, उगाच चावायला धावत असेल, गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर त्याला उघड्या हातानं अजिबात हाताळू नका. आधी पशुवैद्यकांना बोलवा. रेबीजची शंका असेल तर तपासणीसाठी मेंदूचा नमुना लागतो, दहन झाल्यावर तो मिळत नाही. लाळेचा संपर्क आलेल्या घरातल्या सगळ्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे दहनाच्या आधी, दुःखाच्याही आधी.

अस्थी घरी आल्यावर

आम्ही शेवटी शहराबाहेरच्या एका खासगी ठिकाणी गेलो. जागा साधी, पत्र्याची शेड, बाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आईनं आत जाऊन रिकामी भट्टी बघितली. तिथल्या काकांनी स्वतःहून टॉर्च मारून तळ दाखवला. मग ती बाहेर येऊन बसली आणि दीड तास तिथल्याच एका पिवळ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आम्हाला ७६० ग्रॅम मिळालं. मी वजन केलं, हो. बाबा म्हणाले, "तू सुधारणार नाहीस," आणि मग त्यांनीच काट्यावर वाकून आकडा परत वाचला.

अस्थींचं काय करायचं ते प्रत्येकाचं घरचं आहे. नदीत सोडणार असाल तर प्लॅस्टिकची पिशवी, कलशाची सजावट घरी ठेवून फक्त अस्थी सोडा. झाड लावणार असाल तर एक अडचण लक्षात घ्या: दहनानंतरचा हा भाग खारट आणि अल्कधर्मी असतो. मूठभर थेट मुळांशी घातला तर रोप जळतं. थोडाच घ्या, भरपूर माती आणि शेणखतात मिसळा, आणि कुंडीपेक्षा जमिनीतलं झाड निवडा. घरी ठेवायच्या असतील तर नीट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी. त्या खराब होत नाहीत, त्यामुळे घाईनं काही ठरवायची गरज नाही. आमचा डबा अजून पुस्तकांच्या कपाटात आहे. आईला वाई म्हणायचंय, बाबांना मामाची चिंच, आणि दोघंही विषय काढत नाहीत.

कागदांचं थोडं. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना असेल तर दाखला जोडून तो रद्द करून घ्या, नाहीतर नूतनीकरणाचे मेसेज येत राहतात आणि ते वाचणं नको होतं. विमा असेल तर दहनाआधीच कंपनीला फोन करा. दावा करायचा तर डॉक्टरांचा दाखला आणि फोटो मागू शकतात. लसीकरणाच्या ॲपमधले रिमाइंडर बंद करा. मी विसरलो नव्हतो, पण बाबांच्या फोनवर ते वेगळे लागले होते हे मला माहीतच नव्हतं.

आणि उरलेलं औषध. किडनीच्या प्राण्याच्या घरी सलाइनच्या न उघडलेल्या बाटल्या, सुया, महागडं खाणं असं बरंच साठलेलं असतं. मुदत बघा आणि डॉक्टरांना विचारून त्यांच्याकडे नेऊन द्या. त्यांच्याकडे त्याच आजाराचा, पण खर्च न झेपणारा कोणीतरी नेहमी असतो. आमच्या नऊ बाटल्या एका रिक्षावाल्या दादांच्या मांजराला गेल्या. मांजराचं नाव सुलतान. मागच्या रविवारपर्यंत तरी तो जेवत होता.

तुमच्या गावात, शहरात अशी कुठली सोय चालू आहे, तिथे उभं राहू देतात का, हे माहीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो.